कामाक्षीबाईंचा दावा

तंजावूरच्या राजवाड्यात आलेला मराठी पाहुणा दोन गोष्टी हमखास करतो. दरबारात उभा राहून उसासा टाकतो, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दिसली की गहिवरतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता त्या उसाशाचा मला राग येतो. या वाड्यामुळे जगभर गेलेली सर्वांत घातक गोष्ट आपण वाचलेलीच नाही. ती मोडीत नाही, तमिळमध्ये नाही. ती प्रिव्ही कौन्सिलच्या इंग्रजीत आहे.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी वारले, मागे मुलगा नव्हता. पुढच्या वर्षी कंपनीने फौज आणून वाडा आणि खाजगी मालमत्ता, गावांसकट, ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. जप्ती न्याय्य होती की अन्याय्य, हे कोर्ट पाहणारच नाही, कारण ती 'ॲक्ट ऑफ स्टेट'. (मराठीत काय म्हणायचं? 'राज्यकृत्य'? पण आपल्याकडे 'कृत्य' म्हटलं की 'काळं' आपसूक पुढे येऊन बसतं. इंग्रजी शब्द कसा धुतलेला आहे!)

निकाल मग प्रवासाला निघाला. १८९९ मध्ये आफ्रिकेतल्या पोंडोलँडच्या प्रमुखाने दिलेले हक्क बुडाले, ते तंजावूरचा दाखला देऊन. १९२४ मध्ये पंचमहालच्या जमिनींबाबत तेच सूत्र पक्कं झालं: नवा धनी मान्य करील तेवढंच तुमचं. आणि १९६४ मध्ये, संतरामपूरच्या जंगलहक्कांच्या खटल्यात, आपल्या स्वतंत्र सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते उचलून धरलं. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने माबो खटल्यात सार्वभौमत्वाला हात न लावता मूळ रहिवाशांचा जमीनहक्क त्यातून सोडवून घेतला. निकाल लागला तेव्हा एडी माबो हयात नव्हते. त्यांच्यावर आपल्या परिसंवादांत टाळ्या पडतात. कामाक्षीबाईंचं नाव कुणी काढत नाही.

मला कुणी विचारील, तंजावूरचे भोसले कुठले आदिवासी? नव्हतेच. व्यंकोजी बाहेरून येऊन गादीवर बसले, आणि कावेरीच्या चिखलात राबणारा माणूस या दाव्यात पक्षकारही नव्हता. म्हणून तर मला राजघराण्याचं दुःख नको, निकालाचा हिशेब हवा. राणीसाहेबांना वकील परवडले. ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यावर तेच सूत्र चाललं.

१८६२ मध्ये सरकारने जमिनी राण्यांना परत दिल्या. हक्क म्हणून नव्हे, मेहरबानी म्हणून. माझं भांडण नेमकं या शब्दाशी आहे, कारण तो अजून आपल्या तोंडात आहे. २००६ चा वनहक्क कायदा ऐतिहासिक अन्यायाची कबुली देतो आणि हक्क 'मान्य' करतो, म्हणजे ते आधीपासून होते असं म्हणतो. आपल्या बातम्या मात्र 'वनपट्ट्यांचं वाटप' छापतात. मंत्री मंचावर, आदिवासी बाई खाली हात पसरून. वाटप शिध्याचं होतं, साड्यांचं होतं. स्वतःच्या जमिनीचं कसं होईल?

मागे एका अनुवादात मी 'वनहक्कांना मान्यता' लिहिलं होतं. संपादकांनी वाचकाला सोपं जावं म्हणून 'वाटप' केलं. प्रुफात मी पुन्हा 'मान्यता' केलं. अंक हाती आला तेव्हा 'वाटप'च होतं.