औषध ‘गरम’ पडले की अॅलर्जी झाली?

तापाची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अंगभर गांध्या उठतात, खाज सुटते. सासूबाई म्हणतात, ‘‘पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव.’’ शेजारीण म्हणते, ‘‘औषध गरम पडलं असेल.’’ संध्याकाळपर्यंत गांध्या मावळतात आणि सगळे ती गोष्ट विसरतात. गोळीचे नाव कुणीच लिहून ठेवत नाही. काही महिन्यांनी दाढ दुखू लागते आणि वेगळ्या नावाच्या पाकिटातून तेच औषध पुन्हा पोटात जाते. या खेपेस ओठ सुजतात, घसा आवळल्यासारखा होतो आणि मध्यरात्री रुग्णालय गाठावे लागते.

असे प्रसंग बऱ्याच अंशी टाळता येतात. त्यासाठी ‘पित्त उठलं’ एवढ्यावर न थांबता, कशामुळे उठले याचा शोध घ्यायला हवा.

अॅलर्जी कशी ओळखावी?

एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शरीर शत्रू समजून प्रतिकार करू लागते, ती अॅलर्जी. पहिल्या वेळी काहीच न होता पुढच्या खेपेस ती उफाळू शकते. म्हणून ‘पूर्वी तर हे औषध चाललं होतं’ ही खात्री पुरेशी नाही.

मात्र प्रत्येक त्रास म्हणजे अॅलर्जी नव्हे. अँटिबायोटिकने जुलाब होणे हा बहुधा दुष्परिणाम असतो. दुधाने केवळ पोट फुगत असेल, तर दुधातली साखर न पचणे हे कारण असू शकते.

औषधांच्या बाबतीत

पेनिसिलीन व त्याच्या गटातले अॅमॉक्सिसिलीन, सल्फायुक्त औषधे, अॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके आणि फिट्सवरील काही औषधे यांमुळे असा त्रास होऊ शकतो. एखादे औषध घेतल्यावर दर वेळी त्याच जागी काळसर डाग उठत असेल, तर तीही औषधाचीच खूण असू शकते. नवे औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे किंवा कातडी सोलवटणे अशी लक्षणे दिसली, तर विलंब न लावता रुग्णालयात जावे.

आपल्याकडे अडचण होते ती नावांची. एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, शिवाय एका गोळीत दोन-तीन औषधे मिसळलेली असतात. दुकानदाराने दोन-चार गोळ्या कापून दिल्या की नाव मागच्या तुकड्यावरच राहते. म्हणून पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव वाचावे आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

लहानपणी ‘पेनिसिलीन चालत नाही’ असा शिक्का बसलेल्या बहुतेकांना तपासणीत ती अॅलर्जी आढळत नाही. पण याचा पडताळा तज्ज्ञ डॉक्टरांकडेच घ्यावा, घरी प्रयोग करू नये.

खाण्याच्या बाबतीत

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू, मासे, कोळंबी, गहू, तीळ हे नेहमीचे पदार्थ. दाण्याचे कूट कोशिंबिरीत असते, तर काजूची पेस्ट हॉटेलच्या रस्सा भाजीत मिसळलेली असते. दोन्ही पदार्थांना एकच डाव वापरला, तरी तेवढे पुरते. म्हणून विचारायला संकोच करू नये. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर प्रमुख अॅलर्जीकारक घटक छापणे 2020च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, ते वाचण्याची सवय लावावी.

मुलाला अॅलर्जी असेल, तर शाळेत व नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. ‘थोडं थोडं खाऊन सवय होईल’ हा सल्ला धोकादायक आहे. तसेच नुसत्या संशयावरून दूध, अंडी बंद करून मुलाचे पोषणही तोडू नये.

धोक्याची घंटा

गांध्यांबरोबर धाप लागणे, आवाज घोगरा होणे, जीभ सुजणे, वारंवार उलट्या किंवा चक्कर यांपैकी काही दिसले, तर ती जीवघेणी अॅलर्जी समजावी. क्वचित गांध्या न उठताही ती येते. मांडीत दिलेले अॅड्रिनॅलीनचे इंजेक्शन हाच तिच्यावरचा पहिला उपचार. अॅलर्जीच्या गोळीने खाज थांबते, पण बंद होणारा श्वास मोकळा होत नाही. गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

108 किंवा 112 या क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंचावर ठेवावेत. धाप असेल तर पाय पसरून बसवावे, उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक, कारण त्रास उलटू शकतो.

एक चिठ्ठी जपा

औषधाचे किंवा पदार्थाचे नाव, तारीख, किती वेळाने काय झाले, एवढे एका कागदावर लिहावे. एक प्रत पाकिटात, एक घरच्या फाइलमध्ये ठेवावी. दातांचे डॉक्टर असोत की औषधाचा दुकानदार, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता ती आपणहून दाखवावी. बेशुद्ध माणसाला बोलता येत नाही, तेव्हा ही चिठ्ठीच त्याच्या वतीने बोलते.