संमोहनाला एकच खोली लागत नाही

व्हिडिओ कॉलवरून संमोहन उपचार घेता येतात असे सांगितले की काही जण हसतात आणि काही जण घाबरतात. हसणाऱ्यांना वाटते, समोर बसून डोळ्यांत डोळे घातल्याशिवाय हे होणारच नाही. घाबरणाऱ्यांना वाटते, मध्येच नेट गेले तर माणूस त्या अवस्थेत अडकून पडेल. दोघांच्याही मनात एकच समजूत आहे: संमोहन करणाऱ्याच्या अंगी काहीतरी शक्ती असते आणि ती तो दुसऱ्यावर टाकतो. एकदा हे मान्य केले की पुढचे सगळे आक्षेप बरोबर ठरतात, म्हणून आधी या समजुतीलाच हात घालतो.

ही शक्ती तपासून पाहिली गेली ती १७८४ साली. पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याने ‘प्राणिज चुंबकत्वा’चा गाजावाजा केला होता. सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे दोघेही त्यावर होते. पासी येथे फ्रँकलिनच्या बागेतल्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याने ‘चुंबकत्व भरले’. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेले आणि झाडाला मिठी मारायला लावले. मुलाला घाम फुटला, खोकला आला, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड त्याच्यापासून लांब राहिले होते. आयोगाचा निष्कर्ष असा की मेस्मर सांगत होता तसे कोणतेही चुंबकीय द्रव्य नाही, जे घडले ते कल्पनाशक्तीमुळे. मेस्मरच्या दाव्याचा तिथे निकाल लागला. पण मला त्या प्रयोगात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. झाडात काही नव्हते, शिष्याच्या हातातही काही नव्हते, तरी मुलाच्या शरीरात काहीतरी खरोखर घडले. ते जिथे घडले, तिथेच उपचाराची जागा आहे.

पुढे १८४१ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यविशारदाने मेस्मरच्या पद्धतीचा एक जाहीर प्रयोग पाहिला आणि घरी येऊन स्वतः प्रयोग सुरू केले. चमकदार वस्तूवर नजर खिळवून ठेवली की माणूस आपल्याच एकाग्रतेने त्या अवस्थेत जातो, हे त्याने दाखवून दिले. म्हणजे समोरचा फक्त वाट दाखवतो. मग वाट दाखवणारा आवाज खोलीतून आला काय आणि कानातल्या हेडफोनमधून आला काय! १९४६ साली बीबीसीने पडद्यावरून संमोहनाची चाचणी घेतली, तेव्हा दूरचित्रवाणी संचासमोर बसलेले कर्मचारीच झोपी गेले, आणि हा कार्यक्रम प्रसारित करायचा नाही असे ठरले. पडद्यातून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता आजच्या काळातला, नीट मोजून पाहिलेला पुरावा. तोही मँचेस्टरचाच आहे. आयबीएसचे, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या आतड्याच्या विकाराचे, रुग्ण आपल्या ओळखीत असतातच. पोटात कळा येतात, कधी बद्धकोष्ठ, कधी दिवसातून पाच-सहा वेळा धावपळ, पोट फुगते, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा ३० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. हे सगळे औषधांना दाद न देणारे रुग्ण होते. निम्म्यांना संमोहन दिले, निम्म्यांना मानसोपचार आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. संमोहन घेतलेल्यांची सुधारणा ठळकपणे जास्त होती. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ पासून, वर्षभर औषधे घेऊनही बरे न वाटणाऱ्या आयबीएसच्या रुग्णांसाठी संमोहनाचा विचार करावा असे सांगितले आहे. हा उपचार बाजारातल्या जादूटोण्याच्या रांगेत बसणारा नाही.

त्या चाचणीतला एक तपशील माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल लावतो. रुग्णांना तीन महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सात बैठका मिळाल्या. तिसऱ्या बैठकीनंतर हातात एक कॅसेट दिली आणि रोज घरी ऐकायला सांगितले. हिशेब करा: डॉक्टरांच्या खोलीत साडेतीन तास, बाकी सगळा सराव घरात, टेपरेकॉर्डरसमोर. पोटावर हात ठेवून हाताची ऊब आत जाते आहे असे जाणवू देणे, आतड्याची हालचाल संथ वाहणाऱ्या नदीसारखी पाहणे, हे रुग्ण स्वतःच करत होता. डॉक्टरविना, दुरून, यंत्रावरच्या आवाजाने. आज व्हिडिओ कॉलला जो दोष दिला जातो, तो या उपचाराच्या रचनेत पहिल्या दिवसापासून आहे आणि त्याच्यासकट हा उपचार यशस्वी ठरला आहे. नेदरलँड्समध्ये तर पोटदुखीच्या २६० मुलांपैकी निम्म्यांना फक्त घरी ऐकायच्या सीडी दिल्या. वर्षानंतर त्यांच्यातली ६२ टक्के मुले बरी होती, आणि प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे गेलेल्यांतली ७१ टक्के.

मँचेस्टरच्याच गटाने २०१९ मध्ये स्काइपवरून दिलेल्या उपचारांचे निकाल मांडले: २० पैकी १३ रुग्णांना, म्हणजे ६५ टक्क्यांना, गुण आला. त्याच केंद्रात समोर बसून उपचार घेतलेल्या हजार रुग्णांत हे प्रमाण ७६ टक्के होते. विरोधक इथे बोट ठेवतील, की बघा, कमीच पडले. पडले. वीसच रुग्ण होते आणि दोन्ही गटांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती, तेव्हा या फरकातून कोणीच फार मोठा निष्कर्ष काढू नये, मीही काढत नाही. समोरासमोरची बैठक थोडी सरस असेल, हे मानायला मी तयार आहे. पण चंद्रपूरच्या आयबीएसच्या रुग्णापुढे ७६ की ६५ अशी निवड कुठे असते? त्याच्या गावात हे जाणणारा कोणी नाही. नागपूर दीडशे किलोमीटर, आणि एसटीत संडास नाही. ज्याच्या पोटाचा भरवसा अर्धा तासही नाही, त्याला दर आठवड्याला या प्रवासाला पाठवायचे आणि वर म्हणायचे की उपचार प्रत्यक्षच हवेत! गर्दीची, बंद डब्याची, घराबाहेर पडण्याची भीती असलेल्यांचेही हेच. आजारच ज्यांना दारातून बाहेर पडू देत नाही, त्यांना दाराबाहेरच भेटण्याची अट घालणे मला निर्दयपणाचे वाटते.

नेट तुटण्याची भीती चटकन निकालात निघते. आवाज थांबला तर माणूस थोड्या वेळाने आपणहून डोळे उघडतो, फार तर डुलकी लागते आणि मग जाग येते. जाणकार उपचारक ही सूचना सुरुवातीलाच देऊन ठेवतो: ‘मिनिटभर माझा आवाज आला नाही तर तुम्ही सावकाश डोळे उघडाल, मी फोन करेन.’ रुग्णाचा पत्ता, दुसरा फोन नंबर आणि घरातल्या एकाचे नाव त्याने आधीच लिहून घेतलेले असते. कॅमेराही तो समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवायला लावतो, म्हणजे चेहऱ्याबरोबर पोटाचा श्वास आणि हाताची बोटे दिसतात. पापणीची थरथर पडद्यावर निसटू शकते, हे खरे. म्हणून तो विचारत राहतो: ऐकू येत असेल तर उजवी तर्जनी उचला.

मला ज्या आक्षेपापुढे थांबावे लागते तो वेगळाच आहे, आणि विरोधक तो क्वचितच काढतात. खोली कुठली आणायची? दहा बाय बाराच्या घरात पाच माणसे, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर मुले पळताहेत. सुनेने सासूच्या देखत डोळे मिटून ‘माझ्या पोटात काय होतं’ हे कोणाला सांगायचे? ती बोलणारच नाही. बोलली तरी अर्धेच, आणि अर्ध्या बोलण्यावर उपचार होत नाहीत. दवाखान्याची बंद खोली अशा बाईला अर्धा तास एकटे असण्याची मुभा देते, आणि तिच्यासाठी तेच पहिले औषध असते. हा दोष पडद्याचा नाही, आपल्या घरांचा आहे, पण त्याने आक्षेप हलका होत नाही. त्यावर उपाय आहे, शेवटी सांगतो.

माझे खरे भांडण मात्र हसणाऱ्यांशी किंवा घाबरणाऱ्यांशी नाही. एका बैठकीत सिगारेट सोडवतो, पूर्वजन्म दाखवतो, बालपणीच्या दडलेल्या आठवणी बाहेर काढतो अशा जाहिराती करणाऱ्यांशी आहे. व्हिडिओ कॉलने त्यांच्या दुकानाला गावोगाव दारे उघडून दिली. सिगारेटबाबत, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. आठवणी ‘उकरण्या’ने काय होते ते अमेरिकेने १९९० च्या दशकात पाहिले: कधी न घडलेल्या अत्याचारांच्या आठवणी तयार झाल्या आणि कुटुंबे फुटली. आपल्याकडे ‘हिप्नोथेरपिस्ट’ ही पाटी लावायला कोणताही परवाना लागत नाही. इस्रायलने १९८४ मध्येच कायदा करून संमोहनाचा अधिकार परवानाधारक डॉक्टर, दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञांपुरता ठेवला. आपल्यालाही असा कायदा हवा, आणि तो स्क्रीनवरच्या उपचारकाइतकाच गल्लीतल्या उपचारकालाही लागू हवा. समोर बसलेला भोंदू काही कमी भोंदू नसतो.

तोवर विचारायचे ते रुग्णानेच विचारावे. तुम्ही नोंदणीकृत डॉक्टर आहात, की भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ? शौचावाटे रक्त, अकारण घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला त्रास यांची तपासणी झाल्याशिवाय पोटासाठी संमोहन देता का? ‘देतो’ म्हणाला तर कॉल बंद करावा. मनोविकृतीचा आजार, आत्महत्येचे विचार, आटोक्यात नसलेली अपस्माराची फिट असे काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ वा मेंदूविकारतज्ज्ञ. पहिल्याच भेटीत हे न विचारणाऱ्या माणसाच्या हाती मन देऊ नये.

मग अंतराचा फायदाही मोकळेपणाने घेता येतो. सूचना मनात खोल उतरते ती ज्या भाषेत आपण लहानपणी निजलो त्या भाषेत. लातूरच्या शेतकऱ्याला ‘पोट सैल सोडा’ हे त्याच्या बोलीत सांगणारा पुण्यात असेल, तर त्या दोघांना जोडणारे साधन वाईट कसे? आणि खोलीचा प्रश्न? त्यासाठीचा पाया आधीच आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. १४४१६ वर मराठीतही बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालये आहेत. प्रत्येक रुग्णालयात दार लागणारी एक लहान खोली, आरामखुर्ची, चांगले हेडफोन आणि खात्रीचे इंटरनेट द्यावे. पलीकडे वैद्यकीय महाविद्यालयातला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असावा. दारावर परिचारिका बसेल. त्या सुनेला तपासणीच्या नावाने घरातून निघता येईल, तालुक्याच्या एसटीने जाता येईल आणि दार आतून लावून घेता येईल.