ट्रॅक्टर गटाचा, पण तेल कोणी पाहायचे?

आजचा विषय कुटुंबाच्या पानावर जरा वेगळा वाटेल. पण ज्यांचे बिऱ्हाड मुंबई-पुण्याच्या चाळीत आणि भाऊ-भावजय गावी, अशा कित्येक घरांच्या जिव्हाळ्याचा तो झाला आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने आणली. ज्या वस्तीवर पेरणीला बैलजोडी दुसऱ्याकडून मागून आणावी लागे, तिथे स्वतःचा ट्रॅक्टर उभा राहिला. योजनेत किमतीची मर्यादा ३ लाख ५० हजार धरली होती. त्यातले ३५ हजार गटाने घालायचे. हे ३५ हजार कसे उभे राहतात ते आम्ही जवळून पाहिले आहे. कोणी भिशी उचलते, कोणी कानातले गहाण ठेवते, कोणाचा गिरणगावातला दीर बोनसमधून पाठवतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका गटाच्या अध्यक्षताईंचा निरोप आला. "भाऊ, एक अर्ज लिहून द्या. आमचा ट्रॅक्टर बंद पडलाय." अर्ज लिहिणे हे आमचे रोजचेच काम, म्हणून गेलो. गटाचे दप्तर पाहून खरोखर आनंद झाला. सभावृत्तांत सुवाच्य अक्षरात, वर्गणीचा हिशेब पै-पैचा. मग समाजमंदिराच्या मागे ट्रॅक्टर पाहिला. मीटरवर ३१२ तास झालेले, आणि कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या सर्व्हिसचे, ५० तासांचे कुपन न फाडता तसेच होते! तेलाची पट्टी काढली तर टोकाला डांबरासारखा एक काळा थेंब. इंजिन जाम झाले होते. दुरुस्तीचा अंदाज निघाला ४८ हजार, म्हणजे सर्वांनी मिळून घातलेल्या भांडवलाहून १३ हजार जास्त. वेळेवर सर्व्हिस नाही म्हणून वॉरंटीही गेली.

आम्ही विचारले, तेल कोण पाहात होते? एक ताई म्हणाल्या, "चालवणारा बघत असेल." चालवणारे तर चौघे होते. प्रत्येकाला वाटले, आधीच्याने पाहिले असेल. कोणाचाही दुष्टपणा नव्हता. दहा जणींची वस्तू होती, एवढेच. शिवाय अनुदानाचा ट्रॅक्टर विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही, अशी अटच असते. म्हणजे टिकवणे हाच एक मार्ग.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. पेट्रोल-डिझेलपेक्षा जमा-खर्च बरा कळतो. पण त्या निमित्ताने तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे चार रविवार जाऊन बसलो. त्यांच्याकडून जे कळले ते नव्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी येथे देत आहोत.

सकाळी चावी फिरवण्याआधी दहा मिनिटे द्यावीत. ट्रॅक्टर सपाट जागी हवा, इंजिन थंड हवे. तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मधे पाहिजे. खालच्या खुणेशी आले असेल तर त्याच जातीचे तेल घालावे, वरच्या खुणेपलीकडे मात्र नाही. रेडिएटरचे पाणी थंड असतानाच पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून तोंड भाजलेली माणसे मिस्त्रींनी आम्हाला नावानिशी सांगितली. शिळा आणि धसकटे असलेल्या रानात काम असेल तर नट-बोल्ट हाताने चाचपावेत, टायरची हवा पाहावी.

सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे एअर क्लीनर. माणसाला जसे नाक, तसे इंजिनाला हे. आपल्याकडे उन्हाळी नांगरट म्हणजे धुळीचे लोट. ती धूळ इंजिनात गेली की पिस्टन आणि रिंगा काचकागदाने घासल्यासारख्या झिजतात, मग निळसर धूर येतो, तेल जळते, आणि आपण म्हणतो माल खराब दिला. तेलाचा क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज उघडावी, तेल चिखलासारखे झाले असेल तर बदलावे. कोरड्या जातीचा असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे झटकावा. पाण्याने धुऊ नये.

डिझेल कॅनमधून ओतताना गाळणी हवीच. टाकी सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरत नाही. अर्थात इंजिन बंद करून, जरा निवल्यावर, आणि जवळ बिडी न पेटवता. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची पुष्कळांना खोड असते. प्लेट जळायला दुसरे कारण लागत नाही. पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्या ५० तासांच्या सुमारास सांगतात. नव्या यंत्राचे भाग एकमेकांत बसताना जो धातूचा चुरा सुटतो, तो त्या तेलाबरोबर बाहेर काढायचा असतो. म्हणून तेल वरवर चांगले दिसते या सबबीवर ती सर्व्हिस चुकवू नये.

आता जिवाच्या गोष्टी. यंत्र जाम झाले तर ४८ हजार जातात. पुढच्यात माणूस जातो.

मागच्या बाजूला रोटाव्हेटर फिरवणारा जो दांडा असतो, ज्याला पीटीओ म्हणतात, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे टोक किंवा टॉवेल त्यात सापडला, तर "बंद कर" हे शब्द तोंडातून निघेपर्यंत माणूस ओढला गेलेला असतो. त्यावरचे प्लॅस्टिकचे झाकण अडचण होते म्हणून काढून टाकण्याची पद्धत आहे. ते काढू नये, फुटले तर नवे बसवावे. रोटाव्हेटरमध्ये गवत अडकले की आधी पीटीओ सोडवायचा, इंजिन बंद करायचे, चावी खिशात घालायची, दांडा थांबलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच हात घालायचा. भगिनींनी शेतात यंत्राजवळ जाताना पदर खोचून आणि वेणी वर बांधून जावे. चालू रोटाव्हेटरवर वजन म्हणून माणूस बसवणे हा तर गुन्हाच समजावा.

मिनी ट्रॅक्टर अंगाने हलका असतो. चिखलात रुतला की जोर देऊन पुढे काढण्याचा मोह होतो. चाके रुतून फिरेनाशी झाली की इंजिनाचा जोर पुढचे तोंड उचलतो आणि दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे पडू शकतो. रुतलेल्या चाकाला लाकूड बांधून काढण्याची युक्ती त्यासाठीच घातक. आधी मागे घेऊन पाहावे, नाही तर दुसऱ्याकडून ओढवावा. ओझे ओढताना साखळी नेहमी खालच्या हूकला लावायची, वरच्या जागेला कधीच नाही. बांध, ओढा, विना कठड्याची विहीर यांच्या काठाने जाताना खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून ठेवावे.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. मागची भरलेली ट्रॉली ढकलत असते, आणि नुसत्या ब्रेकने ती आवरत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढू, त्याच गिअरमध्ये उतरावे. शेतात वळण्यासाठी डावे-उजवे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल कडीने जोडावेत. एकच ब्रेक दाबला गेला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

मडगार्डवर मूल बसवू नये. बाप चालवतो, पोराला हौस, आई कौतुकाने बघते. हा फोटो पुष्कळ घरांत आहे, आमच्या पुतण्याचाही होता. एका खड्ड्याचे काम, आणि शेजारीच मागचे मोठे चाक.

ट्रॉलीबद्दल लिहिताना हात जड होतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात जणींचा जीव गेला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या त्या, रोजगारासाठी सकाळी घर सोडलेल्या. ट्रॉली मालासाठी असते, तिच्यात बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी सहसा घेत नाही. हे आम्ही आपल्याच लोकांना सांगतो आहोत, कारण १४ एप्रिलच्या मिरवणुकीला, लग्नाला, कार्यक्रमाला आपण ट्रॉली भरून निघतो. शंभर-दोनशे रुपयांची वर्गणी काढून टेम्पो-बस करावी. एवढी वर्गणी आपण काढत नाही असे थोडेच आहे?

गटाचे पुढे काय झाले? ४८ हजार उभे करायला आठ महिने लागले. त्या मुदतीत बायका पुन्हा भाड्याच्या ट्रॅक्टरला पैसे मोजत होत्या. मग सभेत ठराव केला. चालक एकच, परवानाधारक, आणि त्याच्या गैरहजेरीत ठरलेला दुसरा. एक जाड वही घातली. तारीख, सुरुवातीचे मीटर, शेवटचे मीटर, कोणाचे रान, डिझेल, आणि शेवटचा रकाना "तेल पाहिले", त्याखाली सही. आमच्या आग्रहाने आणखी एक गोष्ट झाली. तासाचे भाडे ठरवताना नुसते डिझेल आणि चालकाचा रोज धरला जाई. आम्ही घसारा म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवले. तासाला ५० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे ठरले. तीनशे तासांत १५ हजार होतात. तेल, फिल्टर, पुढचे टायर त्यातून भागते, कोणाचे कानातले पुन्हा मोडावे लागत नाही. दोघींनी कुरकुर केली, भाडे वाढले म्हणून. अजूनही करतात.

गेल्या महिन्यात वही तपासायला गेलो. सहीचा रकाना दोन दिवस कोरा दिसला, म्हणून आम्ही जरा आवाज चढवला. अध्यक्षताई हसून म्हणाल्या, "भाऊ, आधी मीटर बघा की." मीटरचा आकडा तोच होता. चालकाच्या घरी लग्न होते, ट्रॅक्टर दोन दिवस जागचा हलला नव्हता.