नव्या टीचरची मराठी

माझी भाची यंदा एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून रुजू झाली. विषय मराठी. पहिली तीन वर्षं ती शिक्षणसेवक असेल, दरमहा १८,००० रुपये मानधनावर. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. पाठोपाठ नातेवाइकांचा प्रश्नही आला, "अपनी बच्ची और मराठी पढ़ाती?"

या प्रश्नातच आपलं दुखणं आहे. मराठी ही 'त्यांची' भाषा, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मनोमन मानून टाकलंय. बाहेरचेही तसंच समजतात. मुसलमान माणूस नीट मराठी बोलला की त्यांना आश्चर्य वाटतं. बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी पोवाड्यांनी सभा गाजवल्या. सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तरीही हे आश्चर्य काही संपत नाही.

भाचीचे वडील हातगाडीवर फळं विकतात. घरात बोलतात दखनी. शाळा जवळची म्हणून मराठी माध्यमाची मिळाली. पहिलीत ती 'कायकू' म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. पुढे कित्येक महिने तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. बी.ए., बी.एड. नंतर झालं, पण तिच्या शिकवण्याचं मूळ मला त्या गप्प बसलेल्या महिन्यांत दिसतं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला समजलं की नववीची बरीच मुलं निबंध पाठ करून लिहितात. पावसाळ्यावरचा निबंध न अडखळता उतरवतील, पण काल घरी काय जेवलात हे मराठीत सांगा म्हटलं की खाली बघतात. एका सहकाऱ्यानं सल्ला दिला, प्रश्नोत्तरं लिहून द्या, पास होतील. घरी येऊन ती मला म्हणाली, "मामू, बच्चे कच्चे नै, डरेले हैं."

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'मेरेकू भूक लगी' आणि त्याखाली 'मला भूक लागली'. मग मुलांनाच विचारलं, यात वेगळं किती आणि सारखं किती? 'नक्को' कुठून आला? 'येइच', 'वैसाइच' यांतला 'च' कुणाचा? 'कायकू'मधला 'काय' कुणाचा? जिला आपण परकी समजतो ती भाषा रोज आपल्या तोंडात आहे, हे मुलांच्या ध्यानात आलं. ज्या शब्दावर ती स्वतः हसली गेली होती, त्याच शब्दापासून तिनं शिकवायला सुरुवात केली.

यावर आक्षेप आहेत. घरची बोली बोर्डाच्या पेपरात चालत नाही, हा पहिला. तो खरा आहे आणि तिलाही मान्य आहे. दखनी ही पायरी आहे, मुक्काम नाही. पण मूल नेमकं कुठे अडतं, हे ही पायरी चढून आलेल्यालाच चटकन कळतं. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. म्हणून मूल 'माझा घर' लिहितं. हे निष्काळजीपणानं होत नाही, नपुंसकलिंग त्याच्या कानाला नवं असतं. लाल शाईची रेघ मारून ते येणार नाही, समजावून आणि बोलायला लावूनच येईल.

दुसरा आक्षेप आपल्याच पालकांचा: इंग्रजी पक्की करा, मराठीत वेळ कशाला घालवता? त्यांना मी विचारतो, पोलीस भरतीची लेखी परीक्षा कोणत्या भाषेत असते? सातबारा कोणत्या भाषेत येतो? तहसील कचेरीतली नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, तेव्हा आपण नुसती भाषाच नाही, आपला हक्कही दुसऱ्याच्या हाती देतो. इंग्रजी जरूर शिकावी. त्यासाठी मराठी सोडायची गरज नाही.

शिक्षक नेमताना संस्था पदवी पाहतात, गुण पाहतात. ते पाहायलाच हवं. पण उमेदवार कोणत्या घरातून आला, कोणती भाषा ओलांडून इथवर पोचला, हेही विचारायला हवं. आपल्याकडे अशा पार्श्वभूमीबद्दल संकोच असतो. मुलाखतीत माणूस ती लपवतो. माझ्या मते भाषेच्या शिक्षकासाठी ती पात्रताच आहे.

आणि अशी शिक्षिका मिळाली की तिला वेळ द्यावा. पहिल्याच वर्षी दहावीचा निकाल दाखवून जाब विचारू नये. आठवीची एक तुकडी तिच्याकडे द्यावी आणि तीच दहावीपर्यंत राहू द्यावी. तीन वर्षांनी त्या मुलांची मराठी तपासावी.

परवा तिच्या वर्गातल्या एका मुलानं उभं राहून सांगितलं, "टीचर, काल आमच्या घरी खिचडा होती." तिनं त्याचं वाक्य तोडलं नाही. वर्गही हसला नाही. 'होता' की 'होती' ते नंतर फळ्यावर आलं.