खाडीकाठची दरमजल

आम्हां रायपूरकर मराठी मंडळींत आडनावाने कोकणातली असलेली घरे काही थोडी नाहीत. परंतु बिंबाजी भोसल्यांच्या अंमलापासून पुढे निरनिराळ्या निमित्तांनी ही कुटुंबे छत्तीसगडच्या मुलखात येऊन वसली, त्यानंतर समुद्राचा आणि त्यांचा संबंध लग्नकार्यापुरता आणि कुलदैवताच्या दर्शनापुरताच उरला. म्हणूनच त्या किनाऱ्याने सायकलवरून सावकाश जाण्याचा जो आनंद मला लाभला, तो येथील वाचकांपुढे मांडावा असे मनापासून वाटते.

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच. तरी येथून धमतरीकडे सायकल हाकताना चढ म्हणावा असा लागत नाही. उलट कोकणात, लाटांचा आवाज सतत कानी असताना, माणूस दिवसभर चढतो आणि उतरतो. सह्याद्रीतून निघालेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या अल्प अंतर धावून समुद्रास मिळतात. त्यांच्या खाड्यांनी जांभ्याचे पठार ठिकठिकाणी चिरले आहे. त्यामुळे रस्त्याला माडांच्या आगरातून निघून घाटी चढावी लागते, उजाड सड्यावर, म्हणजे पठाराच्या कातळमाथ्यावर, यावे लागते आणि पुन्हा पुढल्या खाडीच्या काठी उतरावे लागते. रेवसपासून रेडीपर्यंतचा जो सागरी महामार्ग महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी कल्पिला, त्याचा हा स्वभावच आहे, आणि सायकलस्वाराने तो मुकाट्याने मान्य करावा. घाटीत खाली उतरून सायकल हाती धरून चालण्यात कसलाही कमीपणा नाही.

मोटारीतून जाणाऱ्यास सडा म्हणजे दोन गावांमधली रिकामी जागा वाटते. वस्तुतः याच कातळांवर प्राचीन मानवाने हत्ती, मासे, मनुष्याकृती कोरून ठेवल्या आहेत; रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, बारसू येथील ही कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत दाखल झाली. धापा टाकीत सड्यावर आलेला मनुष्य आपसूक थांबतो, आणि थांबला की त्याची नजर पायाखालच्या दगडाकडे जाते.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकून बाणकोटची खाडी ओलांडली की वेळास लागते. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. हल्ली मात्र त्याची ख्याती तेथील वाळूत अंडी घालण्यास येणाऱ्या कासवांमुळे अधिक. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. सुवर्णदुर्ग समोर ठेवून हर्णैच्या किनाऱ्यावर भरणारा मासळीचा लिलाव ज्याने पाहिला नाही, त्याने मुक्काम एक दिवस वाढवावा.

परंतु या प्रवासात माझे मन सर्वाधिक रमले ते दाभोळच्या फेरीबोटीवर. जेटीला बोट लागताच साखळ्यांच्या खडखडाटात तिचा लोखंडी फाळका शेवाळलेल्या उतारावर टेकतो. प्रथम मोटारसायकली, मागून मोटारी, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया आणि दप्तरे पाठीवर टाकलेली मुले उतरतात. मग खलाशी आपली सायकल स्वतः कठड्याशी लावून देतो आणि चाकाला पाय देऊन उभा राहतो. वाशिष्ठीचे मुख ओलांडून धोपावे येईपर्यंत पाय मोकळे होतात, घाम सुकतो. आदिलशाहीत ज्या बंदराने दूरदेशीचा व्यापार पाहिला, त्या बंदरातली आजची वर्दळ एवढीच. पण हीच बोट चिपळूणचा लांबचा वळसा वाचवते. गुहागर, हेदवी करून तवसाळला पोचले की जयगडसाठी पुन्हा अशीच बोट, आणि पलीकडे केशवसुतांचे मालगुंड.

आता या खाड्यांवर पूल होणार आहेत. आजारी माणसास वेळेवर इस्पितळ गाठता यावे यासाठी ते व्हावेतच. त्यास विरोध करणे अन्यायाचे होईल. मात्र लांबलचक, उंच पुलावर भरधाव मालमोटारींच्या कडेने जाणाऱ्या सायकलस्वारास आणि पादचाऱ्यास सुरक्षित जागा मिळेलच, याचा भरवसा मला नाही. सरकारने पुलांचे आराखडे मंजूर करताना त्यांवर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा राखावा, आणि निदान दाभोळ व जयगड येथील फेरीबोटींची वहिवाट मोडू देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि वाचकांनो, रायपूर स्थानकाच्या पार्सल कचेरीत सायकल लगेज म्हणून नोंदवता येते. हिवाळ्याची सुटी लागली की ती नोंदवा आणि निघा.