पोर्शन त्यांचा, भाषा आपली

जुलैचा पहिला रविवार उलटला की पुण्यातल्या जपानी शिकणाऱ्यांच्या गप्पांचा विषय बदलतो. ‘जेएलपीटी कशी गेली?’ संपतं आणि ‘डिसेंबरला एन-फोर की डायरेक्ट एन-थ्री?’ सुरू होतं. जर्मनवाल्यांकडे हेच वर्षभर चालू असतं, फक्त अक्षरं वेगळी. ए-वन झालं, ए-टूची बॅच कधी, बी-वन कुठे चांगलं शिकवतात. ‘सध्या जर्मनमध्ये काय वाचतोयस?’ असं मात्र कोणी कोणाला विचारताना दिसत नाही. आपण एकमेकांना भाषा विचारत नाही, लेव्हल विचारतो.

लेव्हलला नावं ठेवायची नाहीत. व्हिसाला, अ‍ॅडमिशनला, नोकरीला कागद लागतो आणि तो मिळवायला मेहनतही लागते. पण बी-वनचं सर्टिफिकेट फाइलमध्ये आणि जर्मन माणसाचा फोन आला की घशाला कोरड, असा एखादा मित्र आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतो. जपानीत तर हे आणखी सोपं आहे. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, लिहिण्याचीही नाही. सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. म्हणजे तोंडातून एक वाक्य न काढता एन-थ्री पास होता येतं, आणि लोक होतातही.

यावर नेहमीची उत्तरं दोनच. क्लासला बोल लावायचा, नाहीतर मुलांना आळशी म्हणायचं. पण जरा वेगळा प्रश्न विचारून बघू. परकीय भाषेच्या क्लासमध्ये शिकणाऱ्याने स्वतः घेतलेला निर्णय कोणता असतो? पुस्तक ठरलेलं. धड्यांचा क्रम ठरलेला. होमवर्क ठरलेला. चूक कोणती हे मॅडम सांगणार, बरोबर किती हे परीक्षा सांगणार. आपला निर्णय एकच, फी भरायची की नाही.

या प्रश्नावर युरोपात पन्नासेक वर्षांपूर्वीच विचार सुरू झाला होता. फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठात प्रौढांना भाषा शिकवणारं एक केंद्र होतं. तिथल्या आंरी होलेक यांनी युरोपीय परिषदेसाठी एक अहवाल लिहिला, तो 1981 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातली मूळ कल्पना साधी आहे : स्वतःच्या शिकण्याची सूत्रं स्वतःच्या हाती घेता येणं. काय साधायचं, त्यासाठी काय वापरायचं, कसं आणि कधी शिकायचं, आणि जमलं की नाही हे कसं तपासायचं, हे सगळं शिकणाऱ्याने ठरवायचं. याला शिकणाऱ्याची स्वायत्तता म्हणतात. शब्द जड आहे, कॉलेजला ‘ऑटोनॉमस’ दर्जा मिळाल्यासारखा वाटतो. पण कॉलेज ऑटोनॉमस झालं म्हणून त्यातला विद्यार्थी होतोच असं नाही, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

होलेक यांची दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही क्षमता जन्मजात नसते, ती कमवावी लागते, असं ते म्हणतात. ‘मुलांना काय कळतंय काय निवडायचं ते’ या शिक्षकांच्या तक्रारीचं उत्तर यात आहे. निवडता येत नसेल तर निवडायला शिकवा. तेही शिकवण्यातच येतं.

हे शाळेत जमतं का? डेन्मार्कमध्ये लेनी डॅम या शिक्षिकेने 1970 च्या दशकात शाळेला कंटाळलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात हे करून पाहिलं. मुलांनी कामं स्वतः निवडायची, आज काय केलं आणि कसं झालं हे एका वहीत लिहायचं, पुढचं काय ते त्यावरून ठरवायचं. वर्गातलं बोलणं पहिल्यापासून इंग्रजीतच, कसं का येईना. ही वही, म्हणजे लॉगबुक, आज भाषाशिक्षणाच्या अभ्यासक्रमात सगळीकडे शिकवली जाते. आपल्याकडे लॉगबुक म्हटलं की जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांचं उतरवून काढायची वस्तू डोळ्यांसमोर येते, हा आपला इतिहास.

गंमत म्हणजे ज्या ए-वन, ए-टूच्या मागे आपण धावतो, ते मोजमाप याच विचारातून आलं आहे. 2001 मध्ये युरोपीय परिषदेने भाषांची ती चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात स्वतःला मोजायचा एक तक्ता आहे. त्यातली वाक्यं ‘मला हे करता येतं’ अशा धाटणीची आहेत : ओळखीच्या विषयावर सोपं बोलणं करता येतं, साधं पत्र लिहिता येतं, वगैरे. सोबत ‘लँग्वेज पोर्टफोलिओ’ नावाची फाइलही होती, शिकणाऱ्याने स्वतःच्या प्रवासाची नोंद स्वतः ठेवायची. आरसा म्हणून बनवलेल्या या चौकटीचं आपण दरपत्रक करून टाकलं. ए-वनला इतके, ए-टूला तितके, दोन्ही एकदम भरले तर डिस्काउंट.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जेएलपीटीला एन-फोर देण्यासाठी एन-फाइव्ह पास असण्याची अट नाही. कोणतीही लेव्हल थेट देता येते. गोएथेच्या परीक्षाही बाहेरून बसणाऱ्यांना खुल्या असतात, त्यांचाच कोर्स केलेला असला पाहिजे असं नाही. जिना एकेक पायरीनेच चढायचा हा नियम परीक्षेचा नाही. तो आपल्या डोक्यात बसलेला आहे, आणि तो तिथे असण्यात कोणाचा फायदा आहे ते वेगळं सांगायला नको.

आता ‘मग अ‍ॅपवर शिकतो की मी’ असं म्हणणाऱ्यांसाठी. हिरव्या घुबडाचा तीनशे दिवसांचा स्ट्रीक म्हणजे स्वायत्तता नाही. पुढचा धडा कोणता हे तिथेही दुसरंच कोणी ठरवतं. फक्त मॅडमऐवजी घुबड रागावतं. एकट्याने शिकणं आणि आपल्या मर्जीने शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या वयात बंगाली शिकायला थेट शांतिनिकेतनात जाऊन राहिले. रवींद्रनाथ मूळ बंगालीतून वाचायचे होते, हे कारण त्यांचं स्वतःचं होतं. कारण स्वतःचं, पण शिकणं मात्र माणसांत जाऊन. शिक्षक नको असा याचा अर्थ होत नाही, उलट शिक्षकाकडे काय मागायचं ते कळतं. जपानीची हिरागाना शिकायची की नाही, हा काही निवडीचा विषय नाही, ती 46 अक्षरं यायलाच हवीत. जर्मन उच्चार कानावर बसेपर्यंत कोणीतरी टोकणारं लागतंच.

सूत्रं हाती आली की काय बदलतं, याचं एक उदाहरण आपल्या अगदी घरातलं आहे. आपल्याकडे जर्मन आणि जपानी बहुतेक इंग्रजीतून शिकवली जाते. पुस्तकातली स्पष्टीकरणं इंग्रजी येणाऱ्याला काय विचित्र वाटेल हे धरून लिहिलेली असतात, आणि आपण मुकाट्याने ती विचित्र मानून घेतो. जर्मनमध्ये ‘कारण’नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, हा नियम घोकत बसतो. ‘वाइल इश क्रांक बिन’. शब्दाखाली शब्द ठेवून बघा : कारण मी आजारी आहे. नियम कसला? आपण जन्मापासून हेच बोलतोय! ‘दास गेफेल्ट मिअर’ इंग्रजीतून शिकताना डोकं फिरतं, कारण इंग्रजीत आवडण्याचा कर्ता ‘मी’ असतो. मराठीत? ‘ते मला आवडतं.’ जर्मनमध्येही ‘मला’च. थंडीसुद्धा त्यांना ‘मला’च वाजते : ‘मिअर इस्ट काल्ट’.

मग ती कुप्रसिद्ध तीन लिंगं. चमचा देअर, काटा दी, सुरी दास. इंग्रजीवाल्याला निर्जीव चमच्याला लिंग असणं हाच धक्का असतो. आपल्याला तो धक्का बसायचं कारण नाही, तो चमचा, ती सुरी, ते ताट असंच आपण म्हणतो. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी निघाला, काटा आणि सुरी जुळली नाही, म्हणजे पाठ करायचं ते या न जुळणाऱ्यांचं. मुलीला नपुंसकलिंग कसं, म्हणून जर्मनची टिंगल होते (‘दास मेटशन’). आपल्याकडे ‘ते पोरगं’, ‘ते लेकरू’ काय असतं मग?

जपानीचं तर विचारूच नका. ‘तोमोदाची नो होन’ म्हणजे मित्राचं पुस्तक, ‘नो’च्या जागी ‘चं’ बसवलं की झालं. क्रियापद शेवटी. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ : ‘इकिमासु का?’ जाताय का? हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचं नातं वगैरे काही नाही, पण लक्षात ठेवायला योगायोग पुरतो. अर्थात ही मैत्री एका टप्प्यावर संपते. जपानीत नामांना लिंग नाही, आणि हजारो कांजींसमोर मराठी काहीच मदत करत नाही. पण कुठे जुळतं आणि कुठे सुटतं, ही यादी प्रत्येकाने आपली आपण करायची असते. इंग्रजी पुस्तक ती देणार नाही. ज्याच्या घरी कोकणी किंवा उर्दू बोलतात त्याची यादी आणखी वेगळी निघेल. भाषेच्या क्लासमध्ये ‘तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात?’ हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, ते आठवून बघा.

साधनांचं रडगाणं मला फारसं पटत नाही. शब्द पाठ करायची प्रसिद्ध खोक्याची पद्धत सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने 1972 च्या जर्मन पुस्तकात सांगितली. (पत्रकार होता, हे आमच्यासारख्यांनी मुद्दाम नोंदवून ठेवायला हवं.) पुठ्ठ्याचं खोकं, त्यात पाच कप्पे. शब्दाचं कार्ड आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा क्वचित. आज ‘अंकी’सारखी सॉफ्टवेअर्स हेच जास्त हुशारीने करतात. पण खोक्यात कोणते शब्द टाकायचे? तिथेच घोडं अडतं. तयार डेक डाउनलोड केला की दुसऱ्याचे शब्द आपल्या खोक्यात येतात. फुटबॉल बघणाऱ्याने बुंडेसलिगाच्या बातमीतले टाकावेत, मांगा वाचणाऱ्याने मांगातले. एआयकडून निबंध लिहून घेणाऱ्याने त्याच एआयला ‘माझ्या निबंधातल्या तीनच चुका दाखव, दुरुस्त करू नकोस’ असं सांगून बघावं. मशीन तेच, पण सूत्रं कोणाच्या हातात हे त्या एका वाक्याने बदलतं.

मात्र साधनं सगळ्यांना सारखी मिळतात असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, रानडेत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला ‘स्वतः शिक’ सांगणं म्हणजे हात झटकणं. अभ्यासक्रमात ‘सेल्फ स्टडी’चे तास दाखवून शिक्षकांची पदं रिकामी ठेवायला हा शब्द फार सोयीचा आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने माध्यमिक पातळीवर कोरियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांचे पर्याय कागदावर ठेवलेत. शिकवणारं माणूस नसेल तर तिथे स्वायत्तता कसली? आधी शिक्षक द्या, मग सूत्रं सोपवण्याची भाषा करा.

जिथे शिक्षक आहेत तिथे मागणी मोठी नाही. आठवड्यातला एक तास असा असावा, ज्यात प्रत्येकाने आपल्या निवडीचं काहीतरी आणायचं : गाणं, रेसिपी, बातमी, गेम, काहीही. शिक्षकाने फळ्यापाशी नाही, बाकांमधून फिरायचं. इंटर्नलचे काही मार्क लॉगबुकला द्यावेत आणि ते काय ‘छान’ लिहिलंय यासाठी नाही, तर अडलं कुठे आणि मग काय केलं यासाठी. नवी बॅच सुरू होताना पहिल्या दिवशी ‘ही भाषा कशाला हवी?’ हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावं. आणि ते उत्तर फॉर्मच्या गठ्ठ्यात न टाकता, त्यानुसार निदान दोन-चार तास तरी वेगळे शिकवावेत.

हे सगळ्यात तातडीने लागू होतं ते एका वेगळ्याच वर्गाला. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्सिंगपासून इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हरपर्यंतची मुलंमुली त्यासाठी जर्मन शिकणार. यातल्या अनेकांनी दहावी-बारावीनंतर इंग्रजीलाच कसाबसा रामराम ठोकलेला आहे. त्यांच्या पुढ्यात इंग्रजीतून समजावलेलं जर्मन व्याकरण आणि हॉटेलची रूम बुक करायचा संवाद ठेवला जाणार असेल तर अवघड आहे. नर्स होणाऱ्या मुलीला ‘कुठे दुखतंय, किती दिवसांपासून’ आधी यायला हवं, ड्रायव्हरला रस्त्यावरची पाटी. कोणते शब्द आधी हवेत हे त्यांना पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, कारण काम त्यांना येतं. त्यांना विचारायला किती वेळ लागेल? पहिल्या दिवशीचा अर्धा तास.