प्रत्येक डाग क्षयाचा नसतो

खोकला महिनाभर हटत नाही, संध्याकाळी अंगात कणकण असते, वजन उतरत जाते. बदलापूरमधील एखाद्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे निघतो, फुप्फुसावर पांढुरका डाग दिसतो आणि निदान जवळपास ठरून जाते : टीबी. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरच निघतो. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे डाग दिसल्यावर डॉक्टरांच्या मनात आधी क्षय येणे स्वाभाविक आहे. अडचण होते ती डाग क्षयाचा नसेल तेव्हा. सहा महिने गोळ्या घेऊनही तो तसाच राहतो आणि मूळ आजार वाढत जातो.

हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण डाग शोधण्याचे काम कधी नव्हे एवढ्या वेगाने चालू आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षयमुक्तीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. हातात मावणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांमध्ये नेली गेली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने छायाचित्रे तपासली गेली. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार सुमारे १२.९७ कोटी लोकांची तपासणी झाली आणि ७.१९ लाख क्षयरुग्ण सापडले. त्यांपैकी २.८५ लाख जणांना कोणतेही लक्षण नव्हते. मोहिमेचे हे मोठे यश आहे. मात्र इतक्या छात्या तपासल्यावर क्षय नसलेले डागही समोर येणारच. ते दाखवण्याचे काम यंत्र करते. त्या माणसाने पुढे कुठे जायचे, याची व्यवस्था माणसांनाच उभी करावी लागते.

क्षयासारख्या दिसणाऱ्या आजारांत पहिले नाव घ्यावे लागते ते बुरशीच्या गोळ्याचे. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात कधी कधी पोकळी उरते. हवेतील ॲस्परजिलस ही बुरशी त्या पोकळीत वाढते आणि तिचा गोळा तयार होतो. काही वर्षांनी खोकल्यातून रक्त पडू लागते. जुना टीबी माहीत असल्याने रुग्णाला आणि घरच्यांनाही वाटते की तोच उलटला. थुंकीत क्षयाचे जंतू नसताना पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, तर बुरशीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. सीटी स्कॅनमध्ये पोकळीतील गोळा आणि त्याच्या वरच्या बाजूला हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला पालथे झोपवून पुन्हा स्कॅन केले, तर गोळा जागचा हललेला आढळतो. खात्रीचा उपाय म्हणजे फुप्फुसाचा तेवढा भाग काढणे. रक्तस्राव जोराचा असेल, तर आधी रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तो थांबवावा लागतो. क्षयामुळे फुप्फुस बरगड्यांना घट्ट चिकटलेले असते, म्हणून ही शस्त्रक्रिया अवघड मानली जाते.

दुसरा आजार हायडॅटिड गाठीचा. कुत्र्याच्या आतड्यातील एका लहान पट्टकृमीची अंडी विष्ठेतून माती, पाणी आणि भाजीपाल्यापर्यंत पोहोचतात. शेळ्या-मेंढ्यांच्या शरीरात त्यांच्या गाठी होतात. तीच अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढू लागते. एक्स-रेवर ती गोल गरगरीत आणि रेखीव कडेची दिसते. डाग दिसला की सुईने थोडा तुकडा काढून तपासण्याची पद्धत इथे अंगाशी येऊ शकते. गाठीतील पाणी आत सांडले, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उसळू शकते आणि कृमीचे कण पसरून नव्या गाठी धरू शकतात. त्यामुळे कुत्री-शेळ्यांचा संबंध आला आहे का, यकृतात गाठ आहे का, हे सुई लावण्याआधी पाहिले पाहिजे. शल्यविशारद गाठ अलगद काढून फुप्फुस वाचवतात. त्यानंतर ठरावीक काळ अल्बेन्डाझोल द्यावे लागते.

तिसरे उदाहरण जन्मजात दोषाचे आहे. एखाद्या तरुणाला दर वर्षी न्यूमोनिया होतो आणि तो दर वेळी त्याच जागी, बहुधा डाव्या फुप्फुसाच्या तळाशी असतो. पल्मनरी सिक्वेस्ट्रेशन या अवस्थेत फुप्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेच्या जाळ्याशी नीट जोडलेलाच नसतो. त्याला रक्तही फुप्फुसाच्या धमनीतून न येता थेट महाधमनीच्या फांदीतून येते. ही फांदी रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये दिसते. ती आधी ओळखली नाही आणि शस्त्रक्रियेत चुकून तुटली, तर काही क्षणांत प्रचंड रक्तस्राव होतो. इथे निदान हा शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचाच भाग असतो.

काही वेळा यंत्रापेक्षा एक साधा प्रश्न जास्त सांगून जातो. तरुण स्त्रीच्या छातीत, बहुतेकदा उजवीकडे, हवा भरून फुप्फुस पुन्हा पुन्हा मिटत असेल, तर ते पाळीच्या सुमारास होते का, हे विचारायला हवे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी श्वासपटलावर किंवा फुप्फुसाच्या आवरणावर असल्याने असे घडू शकते. संकोचामुळे हा प्रश्न राहून गेला, तर नळी घालून हवा काढणे आणि ती पुन्हा भरणे हे चक्र चालू राहते.

निदानाला लागणाऱ्या वेळेची किंमत सर्वांत स्पष्ट कळते ती छातीत साचणाऱ्या पुवात. हा आजार तितका दुर्मीळ नाही. सुरुवातीला पू पातळ असतो आणि नळीने निघतो. पुढे त्यात जाळी धरते, तेव्हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती साफ करता येते. आणखी उशीर झाला, तर फुप्फुसावर जाड साल चढते आणि ते फुगेनासे होते. मग छाती उघडून ती साल सोलावी लागते. रोग तोच, पण गेलेल्या आठवड्यांनी शस्त्रक्रिया कितीतरी मोठी केलेली असते.

हे आठवडे बदलापूर पट्ट्यात अनेकदा प्रवासात आणि चिठ्ठ्यांमध्ये जातात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांहून अधिक होती. त्यानंतर वस्ती कितीतरी वाढली. छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सर्जनच्या जोडीला एका वेळी एकच फुप्फुस चालवू शकणारे भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि विकृतिशास्त्रज्ञ लागतात. हे सगळे सरकारी दरात एका छताखाली हवे असेल, तर लोकल पकडून शीव किंवा परळ गाठण्याचा विचार करावा लागतो. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. दम लागलेल्या माणसाने सकाळच्या गर्दीत हा प्रवास करायचा, सोबतच्याने रोजगार बुडवायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण योजनेचा लाभ मिळायला आधी आजाराचे नाव कळावे लागते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथचे नाव आहे. छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग तिथे लगेच उभा राहावा, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. पण वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरणशास्त्र, विकृतिशास्त्र आणि भूलशास्त्र हे विभाग असतातच. आठवड्यातून एकदा या तज्ज्ञांनी छातीविकारतज्ज्ञ आणि मुंबईहून येणाऱ्या शल्यविशारदासोबत बसून न उलगडलेले एक्स-रे एकत्र पाहिले, तर शस्त्रक्रिया नेमकी कोणाला हवी, हे अंबरनाथलाच ठरेल. मग रुग्ण परळला पूर्ण निदानासह जाईल. आज तो तिथे निदान शोधत जातो.

रुग्णाच्या हातातही काही गोष्टी आहेत. औषध सुरू करण्याआधी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी झाली का, हे विचारावे. थुंकीत जंतू सापडले नाहीत म्हणून क्षय नाही, असे ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर लक्षणे व एक्स-रे पाहून उपचार सुरू करतात, आणि ते योग्यही असू शकते. सुरू झालेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. मात्र दोन महिन्यांनीही ताप, वजन आणि डाग यांत फरक नसेल, तर निदान पुन्हा तपासण्याचा आग्रह धरावा. खोकल्यातून रक्त पडले, तर तेवढेही थांबू नये.

शिवाय जुनी एक्स-रे फिल्म रद्दीत टाकू नये. पाच वर्षांपूर्वीचा डाग आज तेवढाच आहे की वाढला आहे, हे दोन फिल्म शेजारी धरल्या की कळते. अनेकदा निदानाचा पहिला धागा घरातल्या कपाटावरच्या त्या जुन्या पाकिटात सापडतो.